हात राखून केलेली मदत

‘हात राखून काम करणें’ हा आपल्या भाषेंत दोष मानला आहे. गडी हात राखून राबूं लागला कीं धनी कुरकुरतो. वाढपी हात राखून वाढूं लागला कीं पंगत कुरकुरते. परंतु एक विद्या अशी आहे कीं, तींत हात राखतां येणें हेंच कौशल्य, आणि तें अंगीं बाणावें म्हणून विद्यार्थ्यास मुद्दाम शिकवावें लागतें. व्यवसायोपचारकाच्या हाताखालीं काम करणाऱ्या सहाय्यकाची ती विद्या होय. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात, आणि तीन पिढ्यांच्या घरांत कोणाचा तरी गुडघा, कोणाचें तरी मनगट, कोणाचा तरी खांदा दुखत असतोच. त्या दुखऱ्या माणसावर माया करणारे हात घरांत पुष्कळ असतात. मदत कशी करावी हें जाणणारे थोडे. म्हणून या महिन्याचें टिपण या विषयावर.

प्रथम शब्दाविषयीं. ‘व्यवसायोपचार’ हें नांव ऐकून आमच्या एका स्नेह्यांनीं विचारलें, “आतां या वयांत मला कोणता धंदा शिकविणार?” दोष त्यांचा नाहीं. मराठींत व्यवसाय म्हणजे पोटाचा उद्योग हाच अर्थ रूढ झाला आहे. संस्कृतांत ‘वि’ आणि ‘अव’ हे दोन उपसर्ग लागून सिद्ध झालेला हा शब्द निश्चय, किंवा निश्चयानें केलेला यत्न, या अर्थीं येतो, आणि आमच्या मतें या विद्येस तोच अर्थ अधिक शोभतो. दांत घासणें, स्नान, वस्त्र नेसणें, पूजा, स्वयंपाक, लिहिणें, नातवास खेळविणें अशा ज्या ज्या कृतींनीं मनुष्याचा दिवस भरलेला असतो, त्या सर्व येथें व्यवसाय होत. हाडें, सांधे व स्नायु यांच्या विकारामुळें त्यांतील कोणती कृति अडली, ती पुनः कशी साधावी, आणि पूर्वीसारखी न साधल्यास दुसऱ्या वाटेनें कशी उरकावी, हें पाहणारा तो व्यवसायोपचारक. भौतिकोपचार करणारा कोपर किती अंशांत वांकतें हें मुख्यतः पाहतो. हा त्या वांकलेल्या कोपरानें घास तोंडापर्यंत पोंचतो कीं नाहीं हें पाहतो. भेद स्थूल आहे, पण समजुतीपुरता पुरे.

ही विद्या संस्थारूपानें उभी राहिली ती अमेरिकेंत. १९१७ सालच्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या लहानशा गांवीं मूठभर मंडळींनीं तिची पहिली संस्था स्थापिली. त्यांतील जॉर्ज बार्टन हे वास्तुशिल्पी होते. क्षय आणि अंगाचा लकवा यांनीं जर्जर झाले असतां सुतारकाम व बागकाम करून त्यांनीं आपलें शरीर पुनः उभें केलें होतें. लागलीच पहिल्या महायुद्धाचे जायबंदी सैनिक येऊं लागले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें थोड्या मुदतीचें शिक्षण देऊन कित्येक स्त्रिया या कामीं नेमल्या. मोडक्या हातापायांच्या सैनिकांस विणकाम, लाकूडकाम देऊन त्या त्यांचे सांधे आणि मन दोन्ही हालतें ठेवीत.

आपल्या देशांत हें रोप लावलें तें कमलाबाई निंबकर यांनीं. या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन. १९३० सालीं विष्णुपंत निंबकरांशीं विवाह करून त्या येथें आल्या आणि येथल्याच झाल्या. चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनीं मायदेशीं परत जाऊन ही विद्या संपादिली, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत भारतांतील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ सालीं या विद्येचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हां संस्थापक राष्ट्रांत भारताचें नांव होतें. त्यामागें बाईंचीच खटपट. नागपूरची शाळा १९५८ची. ज्या वयांत आपल्याकडे बायका ‘आतां आमचें काय राहिलें’ असें म्हणूं लागतात, त्या वयांत पाटी हातीं घेणाऱ्या या बाईंपुढें आम्हां मास्तरलोकांची मान लवते.

परंतु या शाळांतून तयार झाले ते उपचारक. सहाय्यक ही निराळी पायरी आहे. अमेरिकेंत सहाय्यकांच्या शिक्षणाची योजना १९५८ सालीं मान्य झाली. प्रथम ती मनोरुग्णालयांपुरती होती, १९६० सालीं ती इतर रुग्णांसही लागू झाली. आज तेथें हा शिक्षणक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो, आणि पुस्तकी भाग आटोपल्यावर किमान १६ आठवडे पूर्ण वेळ प्रत्यक्ष रुग्णांत काढावे लागतात. आपल्याकडे २०२१ सालीं संसदेनें संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यांत स्वतःच्या जबाबदारीवर सेवा देणाऱ्यांस किमान ३६०० तासांचें, आणि त्यांनीं आंखलेल्या योजनेस हातभार लावणाऱ्यांस किमान २००० तासांचें शिक्षण सांगितलें आहे. म्हणजे सहाय्यकाच्या जागेस कायद्यानें पाट मांडून ठेवला आहे. त्यावर बसणारे तयार करणें हें काम आहे.

तयार करावयाचें म्हणजे काय करावयाचें? आमची एक जुनी विद्यार्थिनी आज व्यवसायोपचारक असून हाताखालीं सहाय्यक शिकविते. तिच्या वर्गांत मागल्या बाकावर बसण्याची मुभा आम्हांस चार दिवस मिळाली. हाडांचीं लॅटिन नांवें, सांध्यांच्या हालचाली, कोनमापकानें अंश मोजणें हा भाग इतर कोणत्याही वर्गासारखाच. मुलें घोकतात आणि विसरतात. आम्हांस नवल वाटलें तें निराळ्याच पाठाचें. बाईंनीं फळ्यावर लिहिलें: ‘पोळी करणें’. आणि मुलांस सांगितलें, याचे तुकडे पाडा. परातींत कणीक घेणें, पाणी घालणें, मळणें, उंडा तोडणें, लाटणें, उचलून तव्यावर टाकणें, उलटणें. मग प्रत्येक तुकड्यास प्रश्न: येथें कोणता सांधा किती वळतो? जोर कोणत्या बोटावर येतो? उभ्यानें कीं बसून? आम्हीं जन्मभर मुलांकडून समासांचा विग्रह करून घेतला. येथें कृतीचा विग्रह चालला होता. विग्रह नीट झाला, कीं अडलेलें पद कोणतें तें आपोआप दिसतें. पोळी येत नाहीं असें म्हणणाऱ्या बाईस वस्तुतः पोळी येत असते, केवळ कणीक मळण्याचा जोर मनगटास सोसत नसतो. तेवढें एक पद बदललें, कीं वाक्य पुरें होतें.

या पद बदलण्याचे नियम विकारपरत्वें निराळे, आणि सहाय्यकास ते पक्के पाठ असावे लागतात. आमवातांत बोटांच्या सांध्यांवरील ताण तळव्यावर, तळव्यावरील ताण बाहूवर ढकलावयाचा. म्हणून सांडशीच्या चिमटीऐवजीं दोन कानांचें हलकें पातेलें, पिशवी बोटांत न अडकवितां कोपराच्या वळणीं, आणि ओलें वस्त्र पिळण्याऐवजीं दोन तळव्यांत दाबणें. कोणत्याही कामानंतरचें दुखणें दोन तासांहून अधिक टिकलें, तर तें काम अधिक झालें असें समजावयाचें. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाचें पथ्य आणखी निराळें. शस्त्रवैद्यानें सांधा मागल्या बाजूनें उघडला असेल, तर तो सांगेल तितके आठवडे खुबा ९० अंशांहून अधिक वांकवावयाचा नाहीं, पायावर पाय टाकावयाचा नाहीं, पाऊल आंत वळवावयाचें नाहीं. हें ऐकावयास सोपें. पण आपल्या घरांत तें मोडण्याचीं स्थळें पहा! जेवणाचा पाट, बसका दिवाण, देशी संडास, देवापुढचा साष्टांग, आणि भुईवर पडलेला चष्मा. सहाय्यक घरीं गेला, कीं त्यानें प्रथम टेप काढून पलंगाची व खुर्चीची उंची मोजावी, असें आमची विद्यार्थिनी शिकविते. पूजेस खुर्चीवर बसावें कीं काय, यावरून घरोघर वाद होतात. भुईवर बसलेल्याचीच पूजा देव घेतो असें आम्हीं तरी कोठें वाचलें नाहीं.

तळहात टेकून पडल्यावर मनगटाजवळ होणारा अस्थिभंग वृद्ध स्त्रियांत फार. डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कोलिस यांनीं १८१४ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास त्यांचें नांव आहे. यांत प्लॅस्टर असतें मनगटास. पण घरचीं माणसें सबंध हातच झोळींत घालून महिना-दीड महिना देव्हाऱ्यांतल्या मूर्तीसारखा जपतात. प्लॅस्टर निघतें तेव्हां हाड जुळलेलें असतें, आणि खांदा व बोटें आंखडलेलीं असतात. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर बोटें, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून हालते ठेवावे, हें सांगण्यासाठीं, आणि तसें होतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, दारीं येणारें माणूस हवें असतें. तो सहाय्यक.

आतां त्या हात राखण्याविषयीं. एका भरल्या घरची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. सासूबाईंस आमवात. मुलगे कर्ते, सुना शिकलेल्या आणि खरोखर प्रेमळ. “आई, तुम्ही नुसत्या बसा,” असें म्हणत म्हणत त्यांनीं एकेक काम बाईंच्या हातून काढून घेतलें. निवडणें गेलें, चहा गेला, वेणी गेली, शेवटीं चोळीचे हूकही सून लावूं लागली. दोन वर्षांत बाई अशा झाल्या, कीं पाण्याचें भांडें उचलण्यासाठीं त्या कोणाची तरी वाट पाहत. आमवातानें नेलें त्याहून अधिक मायेनें नेलें होतें. व्यवसायोपचारकानें येऊन तपासणी केली आणि बाईंनाच विचारलें, “काय करावेंसें वाटतें?” बाई म्हणाल्या, पहांटेचा माझा चहा मला करतां यावा, आणि अंगावरचें माझें मला घालतां यावें. तेवढीच योजना लिहिली गेली. आठवड्यांतून तीन दिवस सहाय्यक मुलगी येऊं लागली.

मुलगी येई, समोर बसे, आणि हात मांडींत ठेवी. बाई हूक लावीत. एकेका हुकास दोनदोन मिनिटें. एके दिवशीं थोरले चिरंजीव दारांतून हें पाहून तापले. “अहो, आम्ही तुम्हांस पैसे कशाचे देतों? माझी आई धडपडते आहे आणि तुम्ही बसून पाहतां!” मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “काका, हूक मी लावला तर तो आजच्यापुरता लागेल. आजींनीं लावला तर मला पुन्हां यावें लागणार नाहीं.” हें उत्तर तिला वर्गांत शिकविलेलें होतें. त्याच वर्गांत हेंही शिकविलें होतें, कीं खालचे दोन हूक फार लहान, ते काढून तेथें चिकटपट्टी लावून द्यावी, म्हणजे यत्न उरतो आणि छळ उरत नाहीं. हात राखणें म्हणजे हात बांधून बसणें नव्हे. किती पुढें व्हावें आणि कोठें थांबावें हें क्षणोक्षणीं ठरवीत राहणें, हा त्या मांडींतल्या हातांचा उद्योग असतो, आणि तो दारांतून दिसत नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत बाईंचें उजवें मनगट सुजून ऊन लागूं लागलें. येथें मुलीची दुसरी परीक्षा होती. त्या घरचीं माणसें तिलाच डॉक्टर समजूं लागलीं होतीं. “तुम्हीच कांहीं तरी सांगा,” म्हणून मागें लागलीं. तिनें काम थांबविलें, स्वतःच्या बुद्धीनें नवें कांहीं सांगितलें नाहीं, आणि उपचारकास दूरध्वनि केला. उपचारक आल्या, पाहून गेल्या. कांहीं दिवस सांध्यास विश्रांति व रात्रीं स्प्लिंट असें ठरलें. स्प्लिंट घातल्यावर कातडीवर लाल वण उठतो कीं काय, आणि तो काढल्यावर वीस मिनिटांत मावळतो कीं नाहीं, हें पाहणें मात्र पुनः मुलीचें काम. निदान आणि योजना उपचारकाची. ती पार पाडणें, पाहणें आणि कळविणें सहाय्यकाचें. या रेषेविषयीं आम्ही फार कडक आहों. सहाय्यक स्वस्त पडतो म्हणून त्यालाच उपचारक म्हणून पुढें करण्याचा मोह संस्थांस होतो, आणि आडगांवीं दोहोंतला भेद ओळखणारें कोणी नसतें. अशानें एखाद्या रुग्णाचा सांधा जातो आणि सबंध विद्येचें नांव. घरीं येणाऱ्या सहाय्यकास “योजना कोणाची?” असें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं, नीट शिकलेला सहाय्यक तें नांव आपण होऊन सांगतो.

सूज उतरली, आणि पुढें महिन्याभरांत बाई पहांटे पांचास आपला एक पेला चहा आपण करूं लागल्या. धाकट्या सुनेस हें अजूनही रुचत नाहीं. “सासूस ओट्याशीं उभें करितात असें लोक म्हणतील,” ही तिची तक्रार, आणि ती अगदीं पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्याकडे लोक म्हणतातच. पण त्या चहाच्या वेळीं तिनें एकदां तरी उठून सासूबाईंचा चेहरा पाहावा असें आम्हांस वाटतें.

शिक्षणक्रमांत आम्हांस उणें वाटलें तें एवढेंच, कीं मुलांचा सराव बहुतेक रुग्णालयांत होतो. तेथें खुर्ची उंच, पलंग उंच, संडास कमोडचा. रुग्ण राहतो तें घर तसें नसतें. म्हणून सरावाच्या आठवड्यांपैकीं निदान कांहीं लोकांच्या घरांत काढावे. तेथें स्वयंपाकघरांत पाऊल घालण्यापूर्वीं विचारावें लागतें, आजोबांपुढें सुनेस कांहीं सांगतां येत नाहीं, आणि रुग्णाहून रुग्णाच्या बहिणीसच अधिक कळत असतें! संबोधनाचाही धडा हवा. इंग्रजींत या विद्येचे लोक रुग्णास पुष्कळदां ‘क्लायंट’ म्हणतात, म्हणजे वकिलाच्या अशिलास जो शब्द तोच. शब्द कोरडा आहे, पण त्यांतला मान खरा आहे: हा मनुष्य सल्ला घेण्यास आला आहे, आपल्या ताब्यांत आलेला नाहीं. साठी उलटलेल्या गृहस्थास लहान मुलासारखें चुचकारून “शाब्बास, एक घास आणखी” म्हणणारे सहाय्यक आम्हीं पाहिले आहेत. आजी, काका, काकू म्हणावें, ‘तुम्ही’ म्हणावें, आणि शाब्बासकी आंवरावी.

शेवटीं वहीविषयीं, कारण वह्या तपासण्यांत आमचा जन्म गेला. सहाय्यकानें प्रत्येक भेटीची नोंद लिहावयाची असते, आणि उपचारक तीवरूनच पुढचें ठरवितो. एका मुलानें लिहिलें होतें: ‘आजींची प्रगति समाधानकारक.’ त्याखालीं बाईंनीं तांबड्या शाईनें रेघ मारली होती. शेजारच्या वहींत एका मुलीनें लिहिलें होतें: ‘काकूंनीं बसून तीन पोळ्या लाटल्या. दुसरीपर्यंत दुखलें नाहीं. तिसरीस उजव्या हाताचीं बोटें करंगळीकडे झुकूं लागलीं, म्हणून थांबविलें. दुखणें अर्ध्या तासांत गेलें. काकू म्हणाल्या, चौथी करूं द्यावयास हवी होती.’ यावरून बाईंनीं दुसऱ्या दिवशींची योजना बदलली: लाटण्यास जाड मुठी, कणीक सैल, दोन पोळ्या झाल्यावर दहा मिनिटें विसांवा, आणि मग तिसरी व चौथी.